चौविहारापूर्वीची एक वाटी

मार्गशीर्ष महिन्यात जालन्याच्या नवीन मोंढ्यात सायंकाळचे पाच वाजणे म्हणजे ऐन धांदलीची वेळ. सोयाबीन आणि मक्याची मापे संपलेली नसतात, हमाल पोती उचलत असतात, आणि हिशेबपट्टी हातात पडली की शेवटची बस गाठून गावी परतावे, या घाईत शेतकरी गादीसमोर बसलेला असतो. सूर्य मात्र पावणेसहाच्या सुमारास मावळणार असतो. ज्या व्यापाऱ्याचा चौविहाराचा नियम आहे, त्याच्यापुढे अशा वेळी तीनच मार्ग उरतात. काम अर्धवट टाकून घर गाठावे, जवळच्या उपाहारगृहातून मिळेल ते मागवून चार घास घाईने गिळावेत, किंवा तसेच उपाशीपोटी पच्चक्खाण घ्यावे. पहिला मार्ग व्यवहाराला जड जातो, दुसरा नियमाच्या शुद्धतेला आणि तिसरा प्रकृतीला. पन्नाशीपर्यंत शरीर तिसरा मार्ग निभावून नेते; पुढे रक्तदाब, मधुमेह आणि पित्त आपापली वसुली सुरू करतात.

अलीकडे काही घरांनी चौथा मार्ग स्वीकारलेला दिसतो. पाचच्या ठोक्याला घरून एक थर्मास निघतो. त्यात त्या ऋतूतील भाजी आणि डाळ एकत्र शिजवून केलेले दाटसर सूप असते; सोबत दोन फुलके किंवा ज्वारीची अर्धी भाकरी. दहा मिनिटांत गादीवरच जेवण होते, नियम पाळला जातो आणि शेतकऱ्याची बसही चुकत नाही. वाटीभर सुपाची ही गोष्ट दिसायला लहान आहे; परंतु तिच्यामागे एक हिशेब आहे आणि तो प्रत्येक घराने एकदा मांडून पाहण्यासारखा आहे.

डिसेंबरच्या मध्यावर जालन्यात सूर्यास्त सुमारे पाच वाजून पन्नास मिनिटांनी होतो आणि सूर्योदय सातच्या थोडा आधी. त्यात नवकारसीची ४८ मिनिटे मिळवली, तर सायंकाळच्या शेवटच्या घासापासून सकाळच्या पहिल्या घासापर्यंत जवळजवळ चौदा तासांचे अंतर पडते. जूनमध्ये हेच अंतर साडेअकरा तासांच्या आसपास असते. म्हणजे एकच नियम हिवाळ्यात शरीराकडून अडीच तास अधिक मागतो, आणि तेही थंडीत, जेव्हा भूक मुळातच प्रखर असते. सायंकाळच्या वाटीत काय असावे, हे या चौदा तासांवरून ठरवायला हवे.

येथेच उपाहारगृहातील सूप आणि घरचे सूप यांची वाट वेगळी होते. उपाहारगृहात सूप जेवणाच्या प्रारंभी येते. भूक चाळवावी, पुढची मागणी वाढावी, एवढेच त्याचे काम. म्हणून ते पातळ, गाळलेले, चटकदार आणि मक्याच्या स्टार्चने, म्हणजे कॉर्नफ्लोअरने, दाट केलेले असते. पोट भरणे हा त्याचा हेतूच नव्हे. चौविहारापूर्वीचे सूप मात्र दिवसाचा शेवटचा आहार असते. त्याने भूक चाळवून चालणार नाही. ती शमवून रात्रभर धीर द्यायचा असतो. म्हणून पुस्तकातील किंवा दूरचित्रवाणीवरील कृती जशीच्या तशी उचलून केवळ कांदा-लसूण वगळल्याने जैन घराचे सूप तयार होत नाही. त्याची बांधणीच वेगळी असावी लागते: भाजी न गाळता, डाळीच्या आधाराने, आणि स्टार्चऐवजी धान्याच्या पिठाने दाट केलेली.

ही बांधणी आपल्याला नवी नाही. 'सूप' म्हटले की मराठी माणसाला प्रथम धान्य पाखडण्याचे सूप आठवते. परंतु संस्कृतात सूप म्हणजे शिजवलेल्या डाळीचे पातळ कालवण, आणि सूपशास्त्र म्हणजे पाकशास्त्र. इंग्रजीतील शब्द युरोपातून आला आणि योगायोगाने ध्वनी तेवढा जुळला. कन्नड भाषेत सोळाव्या शतकाच्या प्रारंभी तिसऱ्या मंगरसाने 'सूपशास्त्र' या नावाचाच ग्रंथ रचला. तो स्वतः जैन होता आणि त्याचा ग्रंथ शाकाहारी पाककृतींचा आहे. मराठीतही रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली प्रसिद्ध झाले. आपल्या स्वयंपाकघरातील कढण, सार आणि पुरणाच्या डाळीचा कट हे सारे याच कुळातले. त्यामुळे पुण्यात शिकून आलेली सून मुगाच्या कढणाची वाटी तोंडाला लावते आणि म्हणते, "मम्मी, हे तर सूपच झालं की!" तेव्हा सासूबाईंनी, "आम्ही तर जन्मभर हेच करत आलो, बेटा," असे म्हणावे, हे जालन्यातल्या कोणत्याही घरात सहज घडू शकते. दोघींचेही खरेच आहे.

आता ऋतूचा विचार. जालना हे बियाण्यांचे गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजेच महिको, स्थापन केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. सुधारित बियाणे, ठिबक सिंचन आणि वेगवान वाहतूक यांमुळे आज बाजारात बहुतेक भाज्या बाराही महिने दिसतात. ही प्रगती शेतकऱ्याला आणि ग्राहकाला उपकारकच ठरली. परंतु तिच्यामुळे एक गोष्ट नकळत सुटली. पूर्वी ऋतू बाजारच सांगत असे, आता तो आपण लक्षात ठेवावा लागतो. विसरल्यास त्याची किंमत मोजावी लागते. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटोचा भाव देशभर किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेला, तेव्हा अनेक घरांत टोमॅटो सुपाशिवाय जेवण अडल्यासारखे झाले होते. वास्तविक भर पावसाळा हा टोमॅटोचा काळच नव्हे. तोच टोमॅटो थंडीत ढिगाने येतो आणि पिकवणाऱ्याला वाहतुकीचा खर्चही सुटत नाही अशी वेळ येते. ऋतूप्रमाणे खरेदी केली, तर ग्राहकाची बचत होते आणि भरघोस आवकीच्या दिवसांत शेतकऱ्याचा माल उठण्यासही तेवढाच हातभार लागतो.

जैन घराला तर ऋतूचे आणखी एक पंचांग असते. अनेक घरांत आषाढी चौदसपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पालेभाज्या वर्ज्य असतात. काही घरांत हा त्याग फाल्गुनी चौमासी चौदसपासूनच सुरू होतो. आर्द्रा नक्षत्र लागल्यावर आंबा बंद करणारी घरे आहेत. पंचमी, अष्टमी, चतुर्दशी अशा तिथींना हरी नसते. कंदमुळे वर्ज्य असल्याने गाजर, बीट, बटाटा आणि ओले आले बाजूला राहते. वाळलेली सुंठ आणि हळद चालते. वरवर पाहता ही यादी सूप करणाऱ्याचे हात बांधते. प्रत्यक्षात ती त्याला वाट दाखवते, कारण एका भाजीवर वर्षभर विसंबण्याची मुभाच ती देत नाही. प्रत्येकाने आपल्या घराच्या परंपरेप्रमाणे पुढील कृतींत फेरफार करावा. सर्व प्रमाणे चार माणसांसाठी आहेत.

हिवाळा, कार्तिकी पौर्णिमेनंतर. या दिवसांत पालक, चाकवत, टोमॅटो, मटार, तुरीच्या ओल्या शेंगा आणि पुढे हरभऱ्याचे सोले येतात. पालकाची एक लहान जुडी पान पान उलटून, जयणेने निवडून घ्यावी. अर्धी वाटी म्हणजे सुमारे शंभर ग्रॅम मूगडाळ, तीन पिकलेले टोमॅटो आणि पाच वाट्या गाळलेले पाणी कुकरमध्ये ठेवून दोन शिट्ट्या कराव्यात. वाफ जिरल्यावर त्यात पालक घालून झाकण न लावता तीन-चार मिनिटे उकळावे, निवल्यावर मिक्सरमधून काढावे आणि गाळू नये. दोन चमचे तुपात जिरे, चिमूटभर हिंग आणि भरडलेले मिरे यांची फोडणी देऊन वर पाव चमचा सुंठ टाकावी. मीठ सर्वांत शेवटी घालावे. शंभर ग्रॅम मूगडाळीत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे प्रत्येकाच्या वाटीत सहा ग्रॅम येतात. टोमॅटोचा लाल रंग ज्या द्रव्यामुळे येतो, ते लायकोपीन शिजवल्यावर आणि स्निग्ध पदार्थासोबत शरीरात अधिक चांगले शोषले जाते. त्यामुळे तुपाची फोडणी केवळ चवीपुरती नसते. पालकाऐवजी ओल्या तुरीचे किंवा मटाराचे दाणे घेतल्यास प्रत्येक शेंग उघडून अळी तपासावी. सोललेल्या दाण्यांच्या तयार पिशवीत ही सोय नसते.

उन्हाळा. दुधी, काकडी आणि कैरी यांचा हा काळ. पाव किलो दुधी, पाव वाटी मूगडाळ आणि चार वाट्या पाणी शिजवून घुसळावे. कैरीचा थोडा कीस घालून एक उकळी काढावी. जिऱ्याची फोडणी द्यावी. दिवस मोठा असल्याने हे सूप पातळ असले तरी चालते. मात्र दुध्याच्या बाबतीत एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. चिरण्यापूर्वी त्याचा लहानसा तुकडा जिभेवर ठेवून पाहावा. कडू लागला तर तो दुधी टाकून द्यावा, मग तो कितीही महागाचा असो. कडू दुध्याचा रस प्यायल्याने देशात गंभीर विषबाधा आणि मृत्यूही झालेले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने या विषयाचा अभ्यास करून, कडू रस मुळीच पिऊ नये, असे बजावले आहे. समितीचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. हा कडूपणा शिजवून जात नाही आणि साखर-मिठाने झाकला, तरी विष आत राहतेच. दोडका, पडवळ आणि काकडी यांनाही हाच नियम लावावा. कारल्याचा कडूपणा निराळा; तो त्याचा मूळ स्वभाव आहे.

पावसाळा, चातुर्मास. पालेभाज्या बंद असताना लाल भोपळा, दोडका, पडवळ आणि मक्याची कोवळी कणसे मदतीला येतात. पाव किलो लाल भोपळ्याच्या फोडी आणि पाव वाटी मूगडाळ चार वाट्या पाण्यात शिजवून घुसळावी. ज्वारीचे एक मोठा चमचा पीठ तुपात मंद आंचेवर भाजावे, निवल्यावर थंड पाण्यात कालवून सुपात ओतावे आणि पाच मिनिटे ढवळत उकळावे. मक्याचे वाफवलेले दाणे वर सोडावेत. बाजारच्या स्टार्चमध्ये मक्याचा जवळजवळ केवळ पिष्टमय भाग उरलेला असतो. ज्वारीच्या पिठात प्रथिने आणि तंतू दोन्ही असतात, आणि मराठवाड्यात ज्वारी काही दुरून आणावी लागत नाही. पिठाची ऋतुमर्यादा घरोघरी पाळली जाते, तिचे भान मात्र ठेवावे.

तिथीचा दिवस. हरी नाही म्हणून सूप नाही, असे समजण्याचे कारण नाही. अर्धी वाटी अख्खे मूग कोरडेच खमंग भाजून, धुऊन, सहा वाट्या पाण्यात मऊ शिजवावेत आणि रवीने घुसळावेत. दोन आमसुले, जिरे, मिरे आणि सुंठ घालून उकळले की कढण तयार होते. ताक घालायची इच्छा झाल्यास द्विदलाचा नियम आठवावा. कच्चे ताक डाळीत न मिसळता आधी नीट तापवून घ्यावे. अठ्ठाई किंवा त्याहून मोठ्या तपस्येच्या पारण्यालाही प्रथम मुगाचे पाणी देण्याची रीत आहे आणि ती शहाणपणाची आहे. दीर्घ उपवासानंतर एकदम जड आहार दिल्यास रक्तातील क्षारांचे संतुलन बिघडून प्रकृतीला धोका संभवतो. म्हणून पारण्याच्या दिवशी पातळ पाणी, नंतर पातळ कढण आणि मग घन आहार, असा क्रम ठेवावा. तपस्वी वयस्क असल्यास वैद्यकीय सल्ला आधीच घेऊन ठेवावा.

आता पाकिटातील सुपाविषयी. मुले मागतात, वेळ वाचतो, म्हणून अनेक घरांत त्याचा शिरकाव झाला आहे. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून समाधान मानणे ही मात्र चूक ठरते. तो ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो. त्यात कांदा-लसणाची पूड नाही असे तो सांगत नाही. त्यासाठी मागील बाजूची घटकांची यादी वाचावी लागते. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. त्यामुळे पहिल्या चार-पाच नावांतच स्टार्च, साखर आणि मीठ आढळले, तर आपण भाजीचे मोल देऊन काय विकत घेतले, ते व्यापाऱ्याच्या नजरेला तत्काळ कळते. सोडियमचा आकडा दिलेला असल्यास त्याला अडीचने गुणावे, म्हणजे मिठाचा अंदाज येतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, असे सांगितले आहे. हे पाच ग्रॅम पापड, लोणचे, खाखरा आणि शेव यांतच बहुधा खर्च होतात. सुपासाठी शिल्लक फार थोडी राहते. घरच्या सुपात जिरे, मिरे आणि आमसूल हात राखून न घातल्यास मीठ आपोआप कमी लागते.

घरच्या सुपालाही मर्यादा आहेत. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्याने हिवाळ्यातील चौदा तासांचे अंतर आपल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगून औषधाच्या वेळा ठरवाव्यात, कारण रात्री साखर एकाएकी उतरणे हा मोठा धोका असतो. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याला भाजीच्या पाण्यातील पोटॅशियम बाधू शकते. त्याने विचारल्याशिवाय हे सूप घेऊ नये. हे सूप रोजच्या रोज, सायंकाळी साडेचारच्या सुमारास करायचे असते. मोठ्या शहरांतील स्वयंपाकघरांत भाज्यांचे उकळलेले पाणी साठवून दिवसेंदिवस वापरतात, ती पद्धत वासी न खाणाऱ्या घरात बसत नाही. थर्मास आधी कढत पाण्याने विसळून घ्यावा, सूप उकळते असतानाच भरावे आणि तासाभरात संपवावे. उरेल एवढे करूच नये.

जालन्याला पाण्याचे मोल नव्याने सांगायला नको. २०१२-१३ च्या दुष्काळात शहराने टँकरवर दिवस काढले आणि भांडी घासलेले पाणीही झाडांना घातले. त्या काळात ज्या गृहिणींनी भाजी उकडलेले पाणी न फेकता डाळीत वापरायची सवय लावून घेतली, त्यांनी एकाच वेळी दोन गोष्टी वाचवल्या; कारण पाण्यात विरघळणारी ब आणि क गटाची जीवनसत्त्वे आणि क्षार भाजीतून त्या पाण्यातच उतरतात. उष्णतेने त्यांतील काही भाग नष्ट होतो; उरलेला भाग मोरीत जाऊ नये, एवढे तर आपल्या हाती असते. न गाळलेल्या सुपात भाजी आणि तिचे पाणी दोन्ही ताटातच राहतात.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. हे काम एकट्या सुनेच्या माथी मारले गेले, तर पंधरा दिवसांत थर्मास माळ्यावर जातो. भाजी निवडायला आजी-आजोबांनी बसावे, दुकानी डबा पोहोचवण्याचे काम शाळेतून परतलेल्या मुलाने करावे, आणि दुकानात बसलेल्या पुरुषांनी पावणेपाचला दूरध्वनी करून आज किती वाट्या हव्यात ते कळवावे. दुकानातील मुनीम आणि हमाल यांच्यासाठीही दोन वाट्या अधिक निघाल्या, तर त्या घराची चूल अधिक शोभेल. स्वयंपाकघराच्या भिंतीवर पंचांगाशेजारी एक कागद लावावा. त्यावर महिना, त्या महिन्याची भाजी, घरात पाळल्या जाणाऱ्या तिथी आणि सूर्यास्ताची वेळ, एवढे चार रकाने पुरेत. येत्या अष्टमीला मुगाच्या कढणापासून आरंभ करता येईल. त्यासाठी बाजारात जाण्याचीही गरज नाही, मूग घरात असतातच.